अहल्याक्का पडल्या

समई घासून झाली होती, निरांजनं झाली होती, आणि घंटा निम्मी लखलखत होती. उरलेल्या निम्म्या घंटेवर चिंचेचा कोळ वाळत चालला होता आणि अहल्याबाई न्हाणीच्या उंबऱ्यावर भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. बसल्या म्हणण्यापेक्षा पायांनी त्यांना बसवलं होतं. हातातली नारळाची शेंडी गळून मोरीकडे गेली. ती उचलावी असं मनात येत होतं, पण हात पुढे होत नव्हता.

समोरच्या घरातल्या चंद्राबाई तेवढ्यात परसदारानं फुलं मागायला आल्या. दोघींमध्ये दार वाजवायची पद्धत कधीच नव्हती.

"काय गं, घंटा घासतेयस की तिच्याशी गप्पा मारतेयस?" असं म्हणत त्या आत आल्या, मग त्यांनी मैत्रिणीचा चेहरा पाहिला. "अय्यो. काय झालं तुला?"

"काही नाही. उकडतंय जरा."

"बंगळुरात, मार्गशीर्षात, तुला उकडतंय." चंद्राबाईंनी पुढे वाद घातला नाही. गूळपाणी करून पाजलं, पदरानं कपाळ पुसलं, आणि अहल्याबाई नको नको म्हणत असताना वेणुगोपालला फोन लावला.

वेणुगोपाल हा अहल्याबाईंचा एकुलता एक मुलगा. ब्लाउजपीस आणि अस्तराचं त्याचं दुकान चिकपेटेच्या बाजारात, आजोबांच्या वेळेपासूनचं. राहायला मात्र तो शहराबाहेर, आनेकलच्या बाजूला, कारण त्याच्या बायकोची, विद्याश्रीची, नोकरी तिकडच्या कारखान्यात. तिथे अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे, आणि त्या फ्लॅटमध्ये आईसाठी एक खोली रंग देऊन तयार ठेवलेली आहे. खोलीला खिडकी आहे, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. अहल्याबाई तिथे जाऊन राहून आल्या होत्या. देवळात जायचं तर गाडी लागते, फुलं फोनवरून येतात, आणि सडा घालायला अंगण म्हणजे लिफ्टसमोरची फरशी. विद्याश्री चांगली होती, अगदी जीव लावणारी, पण दिवसभर घरात कुणी नाही आणि करायला काही नाही. दोन दिवसांनी अहल्याबाईंना आपण पाहुण्या आहोत की ठेवलेली वस्तू आहोत हे कळेनासं झालं होतं.

त्या दिवशी वेणुगोपाल दुकान सोडून आला. आईला पाहून आधी त्याचा जीव भांड्यात पडला आणि मग राग वर आला.

"पहाटेपासून काय काय केलंस ते सांग."

त्यांनी सांगितलं. सडा, रांगोळी, सँकी टँकच्या तळ्यापर्यंत चालणं, येताना फुलबाजार, स्वयंपाक, पूजा, चंद्राबाईंच्या सुनेसाठी मेतकूट, मग देवाची भांडी. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

"आणि बसलीस कधी?"

"आत्ता बसले की."

वेणुगोपाल हसला नाही. "आई, हे बघ. आज नुसती बसलीस. ज्या दिवशी पडशील, त्या दिवशी या घराला कुलूप. मग मी तुझं काही ऐकणार नाही आणि तुझ्या विठोबाचंही ऐकणार नाही."

तो वाईट नव्हता. भित्रा होता. वडील गेले तेव्हा तो दुकानात कापड फाडत उभा होता, आणि त्याला कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अहल्याबाईंना हे माहीत होतं म्हणून त्या उलट बोलल्या नाहीत. पण तो शब्द त्यांच्या मनात रुतून बसला. पडायचं नाही.

*

डॉक्टरीणबाई कन्नड होत्या, वयानं मुलीसारख्या आणि बोलायला सासूसारख्या. त्यांनी रक्त तपासलं, दाब पाहिला, आणि मग औषधाचं न बोलता दिवसभराचं विचारत बसल्या.

चालता हे फार चांगलं, त्या म्हणाल्या, ते सोडू नका. पण तुमचं चालणं संपलं की काम सुरू होतं, काम संपलं की दुसरं काम. अंगाला झीज भरून काढायला वेळच मिळत नाही. दुपारी जेवण झालं की थोडा वेळ आडव्या व्हा. झोप आली पाहिजे असं नाही. पाठ जमिनीला लागली म्हणजे झालं.

"दिवसा?" अहल्याबाईंनी विचारलं.

"दिवसाच. स्वल्प रेस्ट माडी, अक्का, थोडी विश्रांती घ्या. मी गोळी लिहून दिली असती तर मुकाट घेतली असती ना? हीच गोळी समजा."

बाहेर आल्यावर वेणुगोपालचा फोन होताच. अहल्याबाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे म्हणाल्या. चालत राहा म्हणाल्या." हे खोटं नव्हतं. फक्त सांगितलेल्यातलं निम्मं होतं.

दुसरं निम्मं त्यांच्या जिभेवर येईना, त्याला कारण होतं. आताचं हे घर नंतरचं; त्यांचं सासर म्हणजे चिकपेटेच्या मागच्या गल्लीतलं, शिवणकामावर पोट भरणारं मोठं घर. पिढ्यांपूर्वी मराठी मुलुखातून आलेलं, मराठीत भांडणारं आणि कन्नडमध्ये हिशेब करणारं. त्या घरात दिवसा अंथरूण पसरलं जायचं ते बाळंतिणीसाठी नाहीतर आजाऱ्यासाठी. उन्हं वर असताना कुठे चटई दिसली की सासूबाई, सकवारबाई, दारातूनच विचारायच्या, "कोण आजारी आहे घरात?" आणि ज्या बाईची चटई असेल ती कंबर दुखत असली तरी उठून तांदूळ निवडायला बसायची.

मग एक दिवस, म्हातारपणी, सकवारबाई स्वतःच दुपारी आडव्या झाल्या. काही झालं नव्हतं, थकल्या होत्या एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून थोरल्या जावेनं त्यांना भाजी चिरायला दिली नाही. "तुम्ही पडा आता," असं ती प्रेमानंच म्हणायची. चार महिन्यांत सकवारबाईंना घरातलं मीठ कुठे आहे हे विचारावं लागायला लागलं. त्या फार दिवस जगल्या, पण त्या एका दुपारनंतर घर त्यांचं राहिलं नव्हतं. अहल्याबाई तेव्हा धाकट्या सून होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि कुणाशी काही न बोलता मनाशी गाठ बांधून ठेवली.

*

तरी डॉक्टरीणबाईंचा शब्द मोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पहिल्या दुपारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चटई टाकली, परसदाराला कडी लावली आणि पाठ टेकली. पाठ टेकल्याबरोबर घरातली सगळी कामं उठून उभी राहिली. कढीपत्ता निवडायचा राहिलाय. दोरीवरचे कपडे वाळले असतील. गल्लीत कोथिंबीरवाला ओरडत होता, आणि तो ज्या भावानं ओरडत होता तो भाव काही खरा नव्हता. अहल्याबाई उठल्या, चटई गुंडाळली, आणि कढीपत्ता निवडून टाकला.

दुसऱ्या दिवशी नाम घेत पडून पाहिलं. नाम चालू राहिलं, मन चंद्राबाईंच्या मेतकुटात अडकलं. हरभऱ्याची डाळ नीट भाजली गेली होती ना, की कच्चट लागेल. चालताना त्यांना नाम कसं सहज साधायचं. पाऊल पडलं की विठ्ठल, पाऊल पडलं की विठ्ठल. आता पावलं थांबली तर विठ्ठल कुठे टेकवायचा हेच कळेना. काम कसं करायचं हे त्यांना आईनं शिकवलं होतं, सासूनं शिकवलं होतं, न करता कसं राहायचं हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्यांना देवघराची खोली सुचली.

दुपारचा नैवेद्य झाला की अहल्याबाई देवाला पडदा लावतात. दुकानातल्या उरलेल्या लाल रेशमी तुकड्याचा, त्यांनीच शिवलेला. दिवेलागणीपर्यंत देवाची विश्रांती, आणि त्या वेळात घरात आवाज करायचा नाही हा सासरचाच नियम. त्यामुळे इतकी वर्षं दुपारी त्या भांडी न वाजवता, कपाट न आपटता, पाय न वाजवता कामं करत आल्या होत्या. देव निजलाय म्हणून चवड्यांवर चालायचं, आणि काम काही सोडायचं नाही.

त्या दिवशी त्यांनी पडदा लावला आणि तिथेच, देवासमोर, चटईवर कलंडल्या. देवाच्या खोलीत निवडायला कढीपत्ता नव्हता. गल्ली मागच्या बाजूला राहिली होती. उदबत्तीचा वास होता आणि थंड फरशी होती. आपण आळस करतोय असं वाटायला लागलं की त्या स्वतःला समजावत, आवाज होऊ नये म्हणून पडलेय. हे कारण देवाला पटलं की नाही ते देव जाणे, त्यांच्या अंगाला पटलं. पाचव्या-सहाव्या दुपारी खरंच डोळा लागला.

ही चोरी पहिल्यांदा पकडली शिवलीलेनं. ती बीदरकडची, तीन घरची धुणीभांडी करणारी, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारी बाई. दुपारी भांड्यांना आली आणि दारात थबकली.

"अक्का, बरं नाही का?"

"बरं आहे. जरा पडलेय." अहल्याबाई उठून बसल्या आणि पदर सावरला. "हे बघ, कुणाला सांगू नकोस. वेणूला तर मुळीच नको."

"पडण्यात काय चोरी आहे? आमच्या गावाकडं जेवलं की सगळं गाव पडतं."

"तुमच्या गावाला कुलूप लावायला टपलेला मुलगा नसेल."

शिवलीलेला हे काही उमगलं नाही, पण मान हलवून ती भांड्यांकडे गेली, आणि त्या दिवसापासून भांडी अशी घासायला लागली की चमच्यावर चमचा वाजू नये.

हळूहळू फरक पडत गेला. अहल्याबाईंना तो आधी गळ्यात जाणवला. गुरुवारच्या भजनात त्यांचा आवाज दुसऱ्या कडव्यापर्यंत जाऊन बसायचा. आता शेवटपर्यंत पुरायला लागला. मग बोटांत. एकादशीला विठोबाच्या गळ्यात पडणारी तुळशीची माळ त्या करायच्या, चिकपेटेतल्या समाजाच्या देवळात ती माळ अहल्याक्कांचीच, असं ठरून गेलेलं. एकादशीला तुळस तोडत नाहीत म्हणून दशमीच्या संध्याकाळीच ओवायची. गेल्या वर्षी त्या वेळेला बोटं अशी थरथरायची की दोऱ्याची गाठ तीनदा बांधावी लागे. आता एकदा बांधली की बसायची.

सकाळच्या चालण्यातही त्या मध्ये बाकावर टेकायला लागल्या. चंद्राबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आज बाकाचं नशीब उघडलं म्हणायचं."

"तुझ्यासाठी बसले. धापा टाकत होतीस."

"मी? मी तर बोलत होते."

"तेच ते."

*

फाल्गुनातल्या दशमीला दुपारी वेणुगोपालनं दुकानातून फोन केला. भजनी मंडळातल्या बायकांनी एका रंगाचे ब्लाउजपीस सांगितले होते, त्यात मोरपंखी म्हणजे निळ्याकडचा की हिरव्याकडचा हे त्याला आईला विचारायचं होतं. फोन स्वयंपाकघरात होता, अहल्याबाई देवासमोर गाढ झोपल्या होत्या, आणि शिवलीलेनं ओले हात पुसून फोन घेतला. पुढे काय काय झालं ते अहल्याबाईंना नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं, आणि शिवलीलेनं ते सगळं हातवारे करून सांगितलं.

"आई कुठेय?" वेणुगोपालनं विचारलं.

"अक्का पडल्यात."

पलीकडे काहीतरी काउंटरवर आपटलं. मग, "कधी?"

"आत्ताच की. जेवल्या, देवाला पडदा लावला आणि पडल्या."

"कुठे पडल्या?"

"देवाच्या खोलीत. खाली फरशीवर."

"बोलतेय का?"

"नाही ओ अण्णा. डोळे मिटलेत."

"अगं मग मला फोन नाही का करायचा?"

इथे शिवलीला गडबडली. तिच्या लक्षात आलं की जे सांगायचं नव्हतं तेच आपण सांगून बसलो. "अक्काच म्हणाल्या होत्या, कुणाला सांगू नको. तुम्हाला तर मुळीच नको. मी सांगितलं असं म्हणू नका अण्णा."

"हात लावू नकोस तिला. हलवू नकोस. मी निघालो."

"सरी अण्णा," शिवलीला म्हणाली, आणि मनात म्हणाली, केवढी माया, आईची झोप मोडू नये म्हणून मुलगा दुकानातून जपतोय. उरलेली दोन पातेली तिनं आणखी हलक्या हातानं घासली, दार ओढून घेतलं आणि पुढच्या घरी गेली.

आता यात कुणाची चूक म्हणायची? आपल्या मराठीत माणूस जिन्यावरून पडतं आणि जेवून उठल्यावरही पडतं. ऐकणाऱ्यानं माणूस बघून समजून घ्यायचं असतं. वेणुगोपालनं माणूस बघूनच समजून घेतलं होतं. जन्मात त्यानं आईला दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. त्याच्या आईच्या बाबतीत त्या शब्दाचा दुसरा अर्थच त्याला ठाऊक नव्हता.

दुकानाच्या पायरीवर नागोजी मशीन घेऊन बसतो, फॉल-पिको करायला. त्यानं विचारलं, "काय रे, पळतोस कुठे?" "आई पडली," एवढं सांगून वेणुगोपाल मेट्रोच्या जिन्याकडे धावला. नागोजीनं ते शेजारच्या दुकानात सांगितलं, शेजारच्यांनी देवळात, आणि देवळातून ते भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेलं. तिथे पोचेपर्यंत अहल्याक्कांचं कमरेचं हाड मोडलं होतं.

*

अहल्याबाईंना जाग आली ती पायांच्या आवाजानं. देवाच्या निजेच्या वेळी एवढे पाय कुणाचे, असं मनात येऊन त्यांनी डोळे उघडले. वेणुगोपाल गुडघ्यांवर बसला होता, घामानं भिजलेला, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. त्याच्या मागे चंद्राबाई मलमाची बाटली घेऊन उभ्या होत्या, आणि दारात मंडळातल्या आणखी दोघी.

"आई, हलू नकोस. कुठे लागलं?"

"काय लागलं?"

"कंबर हलतेय का?"

"हलायला काय झालं तिला?" अहल्याबाई उठून बसल्या. दोघी-तिघींनी एकदम श्वास सोडला.

"शिवलीला म्हणाली तू पडलीस."

तो शब्द ऐकला आणि त्यांची झोप पार उडाली. अकराव्या मजल्यावरची ती रंगवलेली खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी घाईघाईनं वेणुगोपालचा हात धरला.

"पडले नाही रे. पडले होते."

चंद्राबाईंना आधी कळलं. त्या मलमाच्या बाटलीसकट खाली बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं बाई, मी हातातला घास ताटात टाकून जेवणावरून उठून आले. हाड मोडलं म्हणून लिहिलंय तिकडे. आता हाड जोडलं म्हणून कोण लिहिणार?"

"तूच लिही," अहल्याबाई म्हणाल्या. "मोडलंही तूच असशील."

बायका हसत हसत गेल्या. वेणुगोपाल मात्र हसला नाही. तो तिथेच भिंतीला टेकून बसला, टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळत.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

"कधीपासून?"

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले तेव्हापासून."

"मला म्हणालीस की चालायला सांगितलंय."

"तेही सांगितलं होतं."

"मग हे का लपवलंस? मी काय तुला झोपू नको म्हटलं असतं?"

"तूच म्हणालास. पडलीस की कुलूप."

"आई, मी मोरीत घसरून पडण्याबद्दल बोलत होतो."

"मला दोन्ही सारखीच." अहल्याबाईंनी चटईच्या काठाचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला. "तुझी आजी मोरीत नव्हती घसरली. एक दिवस दुपारी जराशी आडवी झाली, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात कुणी विळी दिली नाही. सगळे प्रेमानंच वागत होते, वेणू. त्या प्रेमानंच तिचं घर गेलं. मला वाटलं, तूही प्रेमानंच करशील."

वेणुगोपालनं गुंडाळलेली टेप पुन्हा उलगडली. आजी त्याला आठवत होती ती खाटेवर बसून सगळ्यांना हाका मारणारी. ती का हाका मारायची हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"मेट्रोत मला वाटत होतं, बाबांसारखंच होणार," तो शेवटी म्हणाला. "मी पोचणार नाही."

अहल्याबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस ओले होते. "पोचलास की. पडलेल्या आईपाशी पोचलास."

आता मात्र तो हसला, थोडासा. मग नाक पुसून व्यापाऱ्यासारखा सावरून बसला. "बरं. कुलपाचं राहू दे. पण मग सकाळचं ते सँकी टँक बंद कर. तेवढाच आराम."

"ते नाही."

"का पण?"

"चालते म्हणून दुपारी डोळा लागतो. नुसतीच पडून राहिले तर आठवड्यात खरीखुरी आजारी पडेन." त्या थांबल्या. आतापर्यंत जे फक्त अंगाला कळलं होतं ते शब्दांत बसवायला त्यांना वेळ लागत होता. "मला वाटायचं, एक काम सोडलं की सगळंच हातातून जाईल. तसं नाही ते. दुपारी पडल्यापासून संध्याकाळ माझ्या हातात राहते. आधी संध्याकाळ कशीतरी ढकलायचे मी. देवाला दिवा लावायचे तोही कधी एकदा लावून होतो असं करून."

"मग सोड काहीतरी. एक तरी."

हा सौदा होता आणि त्यांना तो कळत होता. मुलाला रिकाम्या हातानं परत पाठवणं बरं नव्हतं, आणि तो जे मागत होता ते गैरही नव्हतं. त्यांनी विचार केला. कपडे गच्चीवर वाळत घालायला बादली घेऊन त्या रोज जिना चढायच्या. ते शिवलीला करेल. मेतकूट, लोणची, सगळ्या गल्लीला पुरवायची, तेही आता पुरे. एवढं सांगून झालं, आणि तरी वेणुगोपाल वाट पाहत होता. आणखी काय द्यायचं ते त्यांना माहीत होतं. तेच जड होतं.

"माळ," त्या म्हणाल्या. "निम्मी माळ चंद्राला ओवायला देईन. आजपासून. तिच्या गाठी सैल बसतात, पण विठोबा काही बोलायचा नाही."

ती माळ म्हणजे काय हे वेणुगोपालला ठाऊक होतं. त्यानं आणखी काही मागितलं नाही. "आणि दुपारी परसदाराला आतून कडी नको. पडायचं ते उघड पड. मी फोन केला आणि पडलीयस असं कळलं तर मी परत फोन करीन, संध्याकाळी."

"आणि तिनं सांगितलं म्हणून शिवलीलेला बोलायचं नाही."

"तिला काय बोलणार? ती खरंच बोलली."

अहल्याबाई चहा ठेवायला आत गेल्या. चहा गाळून परत येईस्तोवर वेणुगोपाल चटईवर कलंडला होता, हाताची उशी करून, चपला दारात कशाही टाकलेल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत तो काउंटरच्या मागे उभाच असतो. विद्याश्री त्यांना, सासूला, कन्नड रीतीनं अत्ते म्हणायची; म्हणायची, अत्ते, हे जेवताना ताटावरच डुलक्या घेतात. त्यांना ते थट्टेचं वाटायचं. आता झोपेत त्याच्या पोटऱ्या मधूनच उडत होत्या, दिवसभर उभं राहणाऱ्याच्या उडतात तशा, आणि त्या बघत उभ्या राहिल्या. त्यांनी चहावर झाकण ठेवलं.

विद्याश्रीचा फोन आला. तिलाही बातमी पोचली होती, हाडासकट, आणि ती कारखान्यातून निघाली होती. अहल्याबाईंनी तिला सगळं नीट सांगितलं, शब्द निवडून निवडून. "मला काही झालेलं नाही. वेणू इथेच आहे, निजलाय. दुकान नागोजी बघतोय. तू ये सावकाश, रात्री इथेच जेवा दोघं, आणि राहा."

"उद्या सकाळी परत जायला उशीर होईल, अत्ते."

"होऊ दे की एक दिवस. सकाळी माझ्याबरोबर चालायलाही ये. मध्ये बाक आहेत."

दिवेलागणीला अजून अवकाश होता. खिडकीतून समोरच्या अंगणात चंद्राबाई दिसत होत्या. फोन झाल्यावर अहल्याबाईंनी नेऊन दिलेली निम्म्या माळेची तुळस घेऊन त्या लगेच दोरा ओवायला बसल्या होत्या आणि सुई डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघत होत्या. अहल्याबाईंना वाटलं, जाऊन गाठ कशी मारायची ते दाखवावं. मग वाटलं, नको. विचारायला आली तर सांगू.

उद्या एकादशी होती, घरात तिघं जण असणार होते, आणि साबुदाण्याचा डबा तळाला गेला होता. पिशवी घेऊन अहल्याबाई आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या किराणा दुकानात साबुदाणा आणायला निघाल्या.